संगणकातली द्राक्षबाग: नकली सेन्सर नोडची पॅकेटं वाचायची कशी

०१ ०५ १२ ०१ ८० ०४ ४५ २३ ५५ २० ९० ०९

निफाडकडच्या एका एकर द्राक्षबागेतल्या पाच नंबरच्या नोडने, म्हणजे सेन्सर आणि रेडिओ असलेल्या छोट्या बोर्डाने, पहाटे पाठवलेली खबर हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) लिहिलेल्या या बारा बाइटांत आहे. तापमान ११.५२ अंश, आर्द्रता ९०.२९ टक्के, पानं ८५ टक्के ओली आणि बॅटरी उतरायला लागलेली. बाग खरी नाही, नोडही खरा नाही, दोन्ही संगणकातच आहेत. पॅकेट मात्र खऱ्या नोडचं असतं तसंच आहे, आणि ते वाचताना लोक जिथे चुकतात त्या जागाही त्याच.

नाशिकमध्ये सेन्सरचा मिनी प्रोजेक्ट निघाला की गाडी बहुतेक वेळा द्राक्षावर येते: पानांवरचा ओलावा मोजा, केवडा आणि भुरीचा अंदाज द्या. मग नऊ बोर्ड आणले जातात, आकडे चुकीचे येतात आणि दोष वायरीत आहे, सेलमध्ये आहे की प्रोग्रामात, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून आधी सिम्युलेटर. तिथे वायर नाही, सेल नाही. आकडा चुकला तर चूक आपलीच.

इथे वापरलेला सिम्युलेटर म्हणजे कूजा. स्वीडनमधल्या एसआयसीएस संस्थेत तयार झालेल्या कॉन्टिकी या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमसोबत तो २००६ च्या सुमारास आला. आज वापरायची ती पुढची शाखा, कॉन्टिकी-एनजी. खाली आज्ञा, फाइलींची नावं आणि हेक्समधली ए ते एफ ही अक्षरं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती अर्थात रोमनमध्ये.

मांडामांड

उबुंटू असलेला, ८ जीबी रॅमचा संगणक पुरतो. विंडोजवर थेट खटपट करू नका. डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) घ्या किंवा कॉन्टिकी-एनजीची तयार डॉकर प्रतिमा वापरा. नवख्याला डॉकरच सोयीचं, कारण कंपायलर आणि जावा दोन्ही त्यात जुळवून ठेवलेले असतात. स्वतः बसवायचं असेल तर जावाची आवृत्ती कॉन्टिकी-एनजीच्या सूचनांत लिहिली आहे तीच घ्या. ‘जावा तर आहेच’ म्हणून पुढे गेलेली माणसं इथेच अडकतात.

गिटने सगळं उतरवल्यावर टूल्स फोल्डरातल्या कूजा फोल्डरात डोकवा. तो रिकामा दिसला तर घाबरू नका. कूजा हा गिटचा सबमॉड्यूल आहे आणि साध्या क्लोनमध्ये तो येत नाही. ‘गिट सबमॉड्यूल अपडेट’ ही आज्ञा ‘इनिट’ आणि ‘रिकर्सिव्ह’ या दोन पर्यायांसह चालवली की फोल्डर भरतो. मग त्याच फोल्डरातून ग्रेडलडब्ल्यू ही फाइल ‘रन’ लिहून चालवा. पहिल्यांदा ग्रेडल बरंच काही इंटरनेटवरून ओढतं, तेव्हा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बसला असाल तर डेटा शिल्लक आहे ना ते पाहून घ्या.

बागेची आखणी

फाइल मेनूतून नवं सिम्युलेशन उघडा. रेडिओ माध्यम म्हणून यूडीजीएम, त्यातला डिस्टन्स लॉस हा प्रकार निवडा. हे माध्यम साधं आहे: प्रत्येक नोडभोवती दोन वर्तुळं. आतल्या वर्तुळात, म्हणजे ५० मीटरपर्यंत, बोलणं ऐकू येतं. बाहेरच्या, म्हणजे १०० मीटरपर्यंतच्या वर्तुळात शब्द कळत नाहीत, नुसता गोंगाट पोहोचतो. हे दोन्ही आकडे कूजात मुळापासून असेच असतात.

आता हे बागेला लावून पाहू. ९ बाय ५ फुटांच्या लागवडीत एकरी ९६८ वेली बसतात. चौरस तुकडा धरला तर एकराची बाजू सुमारे ६४ मीटर आणि कर्ण ९० मीटर. म्हणजे एका कोपऱ्यातला नोड समोरच्या कोपऱ्याशी थेट बोलू शकत नाही, मध्ये कुणीतरी निरोप पुढे द्यावा लागतो. शिवाय ९० हे १०० पेक्षा कमी, त्यामुळे बागेतल्या कुठल्याही दोन नोडनी एकाच क्षणी तोंड उघडलं तर त्यांचा आवाज एकमेकांत मिसळणारच. एक एकर लहान वाटतो, पण शिकण्यापुरत्या दोन्ही अडचणी त्यात आहेत.

नऊ नोड तीन बाय तीनच्या जाळीत ठेवा, दोघांमधलं अंतर ३० मीटर. पंपाच्या शेडचा कोपरा म्हणजे शून्य-शून्य, तिथे मुख्य नोड. त्याच्या टप्प्यात फक्त तिघे येतात: दोन ३० मीटरवर, एक तिरका ४२.४ मीटरवर. उरलेल्या पाचांची पॅकेटं दुसऱ्याच्या हातूनच येतील.

नोड घालताना क्रम पाळा. आधी मोट्स (कूजात नोडला मोट म्हणतात) मेनूतून कूजा मोट हा नवा प्रकार, त्यात आरपीएल-यूडीपी या उदाहरणातली यूडीपी-सर्व्हर ही सी फाइल, कंपाइल, क्रिएट, संख्या १. मग दुसरा प्रकार, त्यात यूडीपी-क्लायंट, संख्या ८. क्रम उलटा झाला तर मुख्य नोडचा नंबर ९ होतो आणि पुढचे सगळे पत्ते डोक्यात उलटेपालटे होतात. नोड माउसने ओढून जागेवर आणा. नेटवर्क खिडकीच्या व्ह्यू मेनूत नोडचे नंबर आणि रेडिओचं वातावरण दाखवायला सांगितलं की नोडवर क्लिक करताच दोन्ही वर्तुळं दिसतात. आखणी झाली की लगेच सेव्ह करा. फाइल सीएससी या शेपटीने जतन होते.

पॅकेटात काय भरायचं

मूळ उदाहरणातला क्लायंट साधारण दर १० सेकंदांनी ‘हॅलो’ आणि पुढे एक अंक असा मजकूर पाठवतो. त्याजागी आपली बारा बाइटांची रचना अशी:

बाइट ० – आवृत्ती, कायम १
बाइट १ – नोडचा नंबर
बाइट २-३ – क्रमांक, चिन्हाविना १६ बिट
बाइट ४-५ – तापमान गुणिले १००, चिन्हासह १६ बिट
बाइट ६-७ – आर्द्रता गुणिले १००, चिन्हाविना १६ बिट
बाइट ८ – पानांवरचा ओलावा, टक्के
बाइट ९ – मातीतली ओल, टक्के
बाइट १०-११ – बॅटरी, मिलिव्होल्टमध्ये

दशांश संख्या जशीच्या तशी पाठवायच्या भानगडीत पडू नका. शंभराने गुणून पूर्णांक पाठवला की निम्मे बाइट वाचतात, आणि लहान चिपला दशांशाचं गणित जडही जातं.

क्षेत्रांचा क्रम मुद्दाम असा आहे. १६ बिटांचं प्रत्येक क्षेत्र सम बाइटावर सुरू होतं, त्यामुळे कंपायलर मध्ये रिकामे बाइट घुसवत नाही. नंबरानंतर लगेच ३२ बिटांची वेळ घातलीत तर पीसीवर ती चौथ्या बाइटावर सुरू होईल आणि एमएसपी४३० या लहान, १६ बिटांच्या चिपवर दुसऱ्या. प्रोग्राम एकच, पॅकेटं दोन तऱ्हेची. त्याच कारणाने नुसता ‘इंट’ टाळा. तो पीसीवर चार बाइटांचा आणि एमएसपी४३० वर दोनचा असतो. रुंदी नावातच लिहिलेले प्रकार वापरा.

सेन्सर नसल्याने आकडे आपणच रचायचे. पहाटे १० ते १२ अंश आणि दुपारी ३० अशी चढउतार पुरते. पण एकदा तरी वजा ०.५० अंश पाठवून पाहा. निफाडचा पारा थंडीत एक आकडी होतो, शून्याखाली सहसा जात नाही. प्रोग्राम मात्र शून्याखालीच उघडा पडतो, हे पुढे दिसेलच.

आता हमखास होणारी चूक. पाठवण्याच्या ओळीत मुळात मजकुराची लांबी मोजणारं स्ट्रलेन असतं. मजकूर काढून बाइट भरले आणि स्ट्रलेन तसंच राहिलं, तर ते पहिल्या शून्य बाइटापाशी थांबतं. पहिल्या पॅकेटाचा क्रमांक ०, म्हणजे बाइट ०१, ०५, ००, ००… आणि हवेत जातात फक्त दोन. तिथे सगळ्या रचनेचा आकार सांगणारं साइजऑफ हवं.

सर्व्हरच्या बाजूला दोन बदल. आलेला मजकूर परत पाठवण्याची सोय फाइलच्या सुरुवातीला चालू ठेवलेली असते, ती शून्य करा, नाहीतर उलट दिशेची पॅकेटंही गर्दी करतील. आणि आलेले बाइट हेक्समध्ये, ‘पीकेटी’ अशी खूण पुढे लावून, एका ओळीत छापा. छापताना प्रत्येक बाइटाला दोन जागा आणि पुढे शून्य भरायला सांगा. ते विसरलात तर ०५ चं नुसतं ५ होतं आणि पुढची सगळी ओळ अर्ध्या बाइटाने सरकते. बाइट थेट, न छापता पाठवण्याचा मोह होईल. तो आवरा, कारण एखाद्या आकड्यात १० किमतीचा (हेक्समध्ये ०ए) बाइट आला की वाचणारा त्याला ओळीचा शेवट समजतो. अशी चूक दिवसभर गप्प बसते आणि नेमकी सादरीकरणाच्या वेळी आर्द्रता त्या आकड्यावर येते.

चालू करून पाहणं

वेगमर्यादा १०० टक्के ठेवा आणि स्टार्ट दाबा. मर्यादा काढली तर सिम्युलेटर संगणकाला जमेल तितका पळतो. दिवसाभराचं काम लवकर उरकायला ते छान, पण बाहेरच्या प्रोग्रामला जोडायचं असेल तर वेळेचा मेळ बसत नाही.

मोट आउटपुट खिडकीत सुरुवातीला क्लायंट ‘अजून पोहोचता येत नाही’ अशा अर्थाच्या ओळी छापतील. हे बरोबर आहे. आरपीएल ही मार्ग ठरवणारी पद्धत आधी मुख्य नोडपासून वाटा आखते, मगच डेटा निघतो. एखादा नोड पाच मिनिटांनंतरही तेच म्हणत असेल तर तो कुणाच्याच ५० मीटरच्या टप्प्यात नाही. त्याची जागा तपासा.

आता टूल्समधून रेडिओ मेसेजेस उघडा आणि अॅनलायझर मेनूत ‘सिक्सलोपॅन, पीकॅपसह’ हा पर्याय घ्या (सिक्सलोपॅन म्हणजे आयपीव्ही६ छोट्या रेडिओ चौकटींत बसवण्याची रीत, पीकॅप म्हणजे पकडलेल्या पॅकेटांची फाइल). ही खिडकी उघडल्यानंतरचंच ती नोंदवते, म्हणून पहिलं पॅकेट हवं असेल तर स्टार्टच्या आधी उघडा. पीकॅप फाइल ‘रेडिओलॉग’ या नावाने सुरू होते आणि कूजाच्या फोल्डरात पडते. दिसली नाही तर नावाने शोधा.

सुरुवातीच्या नोंदींत डेटा जवळपास नसतोच. डीआयएस, डीआयओ, डीएओ हे तिन्ही आरपीएलचे निरोप. डीआयओ आधी सुमारे ४ सेकंदांच्या टप्प्याने येतात, मग जाळं स्थिर राहिलं तर मधलं अंतर दुप्पट होत जातं आणि शेवटी साडेसतरा मिनिटांवर टेकतं. म्हणून पहिल्या मिनिटाची गर्दी पाहून ‘नेटवर्कवर फार ताण आहे’ असा निष्कर्ष काढू नका. दहा मिनिटं चालू द्या, मग पाहा.

पॅकेट सोलणं

मूळ मुद्दा इथे आहे. हवेतल्या पॅकेटात एकावर एक थर असतात आणि प्रत्येक थराची बाइट लिहिण्याची रीत वेगळी. ते कळलं की बाकी सगळं बेरीज-वजाबाकी.

सर्वांत बाहेर ८०२.१५.४ या रेडिओ-मानकाची चौकट. तिची कमाल लांबी १२७ बाइट. डेटाचं पॅकेट एका ठरावीक नोडला जात असेल तर सुरुवात दिसते ती ६१ डीसी अशी. पहिल्या बाइटात ‘डेटा आहे, पोच हवी’ हे सांगितलेलं असतं, दुसऱ्यात ‘दोन्ही पत्ते आठ-आठ बाइटांचे’. सर्वांना उद्देशून असेल तर ४१ डी८. पुढे एक बाइट क्रमाचा. पुढे सीडी एबी, हा जाळ्याचा नंबर. कॉन्टिकी-एनजीत तो एबीसीडी असतो, पण ८०२.१५.४ लहान बाजू, म्हणजे कमी किमतीचा बाइट, आधी लिहितं, म्हणून उलटा. मग ज्याला पाठवायचं त्याचा पत्ता, मग पाठवणाऱ्याचा, दोन्ही उलटे. कूजा मोट क्रमांक २ चा पत्ता ०० ०२ ०० ०२ ०० ०२ ०० ०२ असतो, हवेत तो ०२ ०० ०२ ०० असा दिसेल.

दोन, एक, दोन, आठ, आठ: एकवीस बाइट झाले. शेवटी तपासणीचे दोन. उरले १०४.

बाविसावा बाइट ६० ते ७एफ यांच्यात असेल तर दाबून लहान केलेलं आयपीव्ही६ सुरू झालं. सी० ते सी७ दिसलं तर पॅकेट मोठं झाल्याने त्याचे तुकडे झालेत. बारा बाइटांच्या डेटाला तशी वेळ यायला नको. आली तर स्ट्रलेनऐवजी साइजऑफ घालताना चुकून भलत्याच मोठ्या गोष्टीचा आकार मोजला गेलाय का ते पाहा.

आयपीच्या थरात नोड २ चा पत्ता शेवटी २०२:२:२:२ असा दिसतो आणि नवखा माणूस दोनशे दोन नंबरचा नोड शोधत बसतो. तसा नोड नाही. हार्डवेअरच्या पत्त्यावरून आयपी पत्ता बनवताना पहिल्या बाइटातलं एक बिट उलटं करतात, ०० चं ०२ होतं, आणि त्याला चिकटून नोडचा नंबर येतो. नोड ५ म्हणजे २०५:५:५:५.

यूडीपीचा थर गाठायला एक सोपी खूण आहे. क्लायंटचं पोर्ट ८७६५, सर्व्हरचं ५६७८. हेक्समध्ये २२३डी आणि १६२ई. म्हणून बाइटांच्या रांगेत एफ० २२ ३डी १६ २ई एवढं शोधा. इथे मोठी बाजू आधी आहे, उलटापालट नाही. त्यानंतर तपासणीचे दोन बाइट सोडले की आपले बारा.

आणि आपल्या बारांत पुन्हा लहान बाजू आधी, कारण पीसीची आणि एमएसपी४३० ची रीत तीच. म्हणजे एकाच पॅकेटात बाहेर उलटं, मध्ये सुलटं, आत पुन्हा उलटं. सुरुवातीचे बाइट आता हाताने उलगडू.

१२ ०१ हा क्रमांक. उलटा करून ०११२, म्हणजे २५६ अधिक १८, २७४. ८० ०४ म्हणजे ०४८०: चार वेळा २५६ म्हणजे १०२४, त्यात १२८, झाले ११५२. शंभराने भागा, ११.५२ अंश. ४५ २३ म्हणजे २३४५, दशमानात ९०२९, आर्द्रता ९०.२९. ५५ हेक्स म्हणजे ८५, २० म्हणजे ३२. ९० ०९ म्हणजे ०९९०, २४४८ मिलिव्होल्ट. दोन एए सेलवर चालणाऱ्या नोडसाठी ही पातळी उतरणीची.

उलटं न करता वाचलंत तर? क्रमांक ४६०९, तापमान वजा ३२७.६४ अंश, आर्द्रता १७६.९९ टक्के, बॅटरी ३६.८७ व्होल्ट. निरपेक्ष शून्याच्याही खाली गेलेलं तापमान दिसलं की सेन्सरला दोष देऊ नका, बाइटांची बाजू बदला. सगळे आकडे अशक्य असतील तर चूक बाजूची. पहिले दोन-तीन बरोबर आणि पुढचे बिघडलेले असतील तर चूक रचनेतल्या रिकाम्या बाइटाची. फक्त थंडीत बिघडत असेल तर चिन्हाची.

वायरशार्कमध्ये

हाताने एक पॅकेट सोलून झालं की उरलेली वायरशार्क या पॅकेटं उलगडणाऱ्या प्रोग्रामला सोलू द्या. आधी नाही. पीकॅप फाइल उघडण्यापूर्वी सिम्युलेशन थांबवा. गाळणीच्या खिडकीत ‘यूडीपी डॉट पोर्ट’, दोनदा बरोबरचं चिन्ह आणि ५६७८ लिहिलं की आरपीएलची गर्दी हटते.

तीन गोष्टी नवख्याला अडवतात. पहिली, सगळीकडे ‘बॅड एफसीएस’, म्हणजे तपासणीचे बाइट चुकीचे. खरी चौकट बिघडली असेलच असं नाही, तपासणीचे बाइट कुठल्या पद्धतीने लिहिलेत याबद्दल वायरशार्कचा गैरसमज असतो. पसंतींमध्ये प्रोटोकॉलखाली ८०२.१५.४ उघडा, एफसीएसचा प्रकार बदलून पाहा आणि ‘फक्त चांगली एफसीएसच उलगडा’ ही खूण काढा. दुसरी, आयपी पत्ते अर्धवट दिसणं. नोडांनी पत्त्याचा पुढचा भाग वगळलेला असतो आणि तो वायरशार्कला माहीत नसतो. पसंतींमध्येच सिक्सलोपॅनखाली संदर्भ ० समोर एफडी००, दोन विसर्ग, तिरकी रेघ, ६४ भरा. तिसरी, ५६७८ हे पोर्ट मिक्रोटिक राउटरांचा एक प्रोटोकॉलही वापरतो, त्यामुळे कधी आपली पॅकेटं एमएनडीपी या भलत्याच नावाखाली दिसतात. पॅकेटावर राइट-क्लिक करून ‘डीकोड अॅज’ मधून ते साधा डेटा म्हणून दाखवायला सांगा.

तेच बारा बाइट दोनदा दिसले तर लगेच ‘डुप्लिकेट’ म्हणू नका. दूरच्या कोपऱ्यातल्या नोडचं पॅकेट आधी मधल्या नोडकडे जातं, मग मुख्य नोडकडे. आयपी पत्ता दोन्हीकडे तोच, बाहेरच्या चौकटीचा पत्ता मात्र बदललेला. चौकटीचा पत्ता आणि क्रमही तोच असेल, तर तो पोच न मिळाल्याने केलेला दुसरा प्रयत्न.

पायथनला जोडणं

टूल्समधून नोड १ साठी सिरियल सॉकेट सर्व्हर उघडा. पोर्ट ६०००१ दिसेल, म्हणजे ६०००० अधिक नोडचा नंबर. स्टार्ट दाबा. पायथनच्या सॉकेटने लोकलहोस्टवर त्याच पोर्टला जोडा. कूजा डॉकरमध्ये चालत असेल तर पायथनही त्याच कंटेनरमध्ये चालवा, नाहीतर पोर्ट बाहेर उघडून द्यावं लागतं. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ बहुधा त्याचंच.

टीसीपीमध्ये ओळ नावाची गोष्टच नसते. एका वाचनात अर्धी ओळ येईल, दुसऱ्यात दीड. म्हणून आलेलं सगळं एका साठ्यात जोडत जा आणि ओळीचा शेवट सापडला की तेवढा तुकडा तोडून घ्या. त्यात ‘पीकेटी’ नसेल तर सोडून द्या. असेल तर हेक्सचे बाइट करा, लांबी १२ आणि पहिला बाइट १ आहे का तपासा, मगच उलगडा.

उलगडायला स्ट्रक्ट मॉड्यूल. त्याचं सूत्र: ‘पेक्षा लहान’ चं चिन्ह, मग दोन मोठे बी, मोठा एच, लहान एच, मोठा एच, दोन मोठे बी, मोठा एच. सुरुवातीचं चिन्ह म्हणजे लहान बाजू आधी. ते गाळलं तर पायथन यंत्राच्या रीतीने रिकामे बाइट धरू लागतो. आज या रचनेत फरक दिसणार नाही, उद्या क्षेत्र वाढवलं की दिसेल. लहान एच तापमानाचा, कारण तो चिन्हासह. तिथे मोठा एच पडला की वजा ०.५० चे ६५४.८६ अंश होतात. ती मुद्दाम पाठवलेली थंडी यासाठीच.

हरवलेली पॅकेटं मोजणं

आतापर्यंत माध्यम निर्दोष होतं. आता बिघडवा. नेटवर्क खिडकीतून प्रसारणाचे आकडे उघडा आणि ऐकण्याचं यश १०० वरून ७० टक्के करा. याचा अर्थ सगळीकडे ७० नव्हे. ते ७० फक्त ५० मीटरच्या कडेवर लागू. आत यश अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढत जातं: ३० मीटरवर ८९.२ टक्के, ४२.४ मीटरवर ७८.४. दूरच्या कोपऱ्यातून दोन तिरक्या उड्या म्हणजे ७८.४ चा वर्ग, सुमारे ६१ टक्के. तरीही मुख्य नोडवर जवळपास सगळी पॅकेटं पोहोचलेली दिसतील, कारण पोच नाही मिळाली की नोड पुन्हा पाठवतो. रेडिओच्या नोंदी वाढलेल्या दिसतील. खऱ्या बागेत ही वाढ बॅटरीतून वसूल होते. कधी पॅकेट पोहोचतं पण पोच हरवते, आणि एकच पॅकेट पुन्हा निघतं. म्हणून प्रोग्रामात नोडचा नंबर आणि क्रमांक ही जोडी आधी येऊन गेली का ते पाहा.

मोजताना बाहेरच्या चौकटीचा क्रम वापरू नका. तो एकाच बाइटाचा, २५५ नंतर शून्यावर येतो, आणि प्रत्येक उडीला बदलतो. आपला दोन बाइटांचा क्रमांकच खरा. तोही दर १० सेकंदांना एक या हिशेबाने सुमारे साडेसात दिवसांनी शून्यावर येईल. त्या क्षणी प्रोग्रामने ‘पासष्ट हजार पॅकेटं हरवली’ असं ओरडू नये, म्हणून वजाबाकी ६५५३६ च्या शेषात करा. नोड बंद पडून पुन्हा सुरू झाला तरी क्रमांक शून्यच होतो. दोन्हींतला फरक कळावा असं वाटत असेल तर रचनेत सुरू होण्याची गणना सांगणारा आणखी एक बाइट हवा, आणि तो शेवटी जोडा, मध्ये नाही. आवृत्तीचा बाइट तेव्हा १ चा २ करायला विसरू नका.

क्लायंटच्या वेळेत थोडी सरमिसळ मुळातच ठेवलेली असते, एखाद्या सेकंदाने पुढे-मागे. ‘ठीक दहा सेकंदांना हवं’ म्हणून ती काढलीत तर आठही नोड एकदम बोलायला उठतात. १०० मीटरचा गोंगाट सगळ्या बागेवर आहे, हे आधी पाहिलंच.

प्रत्येक बदल तपासताना सिम्युलेशनचं रँडम सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारी संख्या) तेच ठेवा. त्याच सीडने तेच पॅकेट त्याच मायक्रोसेकंदाला हरवतं, त्यामुळे फरक पडला तर तो आपल्या बदलाचाच. शेवटी निकाल लिहिताना मात्र आठ-दहा वेगवेगळ्या सीडवर चालवा.

पुढची पायरी

कूजा मोटवर सगळं नीट चाललं की त्याच फाइली स्काय मोट या प्रकारात कंपाइल करून पाहा. इथे एमएसपी४३०एफ१६११ चिपची हुबेहूब नक्कल चालते: ४८ केबी फ्लॅश, १० केबी रॅम. लिंकर जागा संपल्याची तक्रार करेल तर लॉगची पातळी कमी करा, छापायचे मजकूर फार जागा खातात. पत्तेही बदलतील, नोड २ आता २१२:७४०२:२:२०२ असा दिसेल. कूजा मोटमध्ये प्रोग्राम चालायला जणू वेळच लागत नाही, म्हणून वेळेचे आणि बॅटरीचे हिशेब स्कायवरच करा.

पानांचं काय, हे यूडीजीएमला ठाऊक नाही. त्याच्या लेखी एप्रिलच्या खरड छाटणीनंतरचा उघडा मंडप आणि भर बहरातला मंडप सारखेच. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पानांतलं पाणी शोषून घेतं, ५० मीटरचं वर्तुळ तिथे आक्रसतं. आक्रसलेली बाग पाहायची असेल तर प्रसारणाचा टप्पा ५० वरून ३५ करा. तिरक्या ४२.४ मीटरच्या उड्या तुटतात, पॅकेटं ३० मीटरच्या सरळ वाटांनी फिरून येतात, आणि समोरच्या कोपऱ्यातल्या नोडला दोनऐवजी चार उड्या लागतात. टप्पा ३० च्या खाली नेला की आठही नोड पुन्हा ‘पोहोचता येत नाही’ वर येतात.